सुनावणीतलं माझं भाषण

अर्धवट सुकलेल्या बोंबलांचा वास आला की गोराईची ती दुपार डोळ्यांपुढे तरंगते. रिसॉर्टला आमच्या मासे सुकवायच्या वाळूवर नवी इमारत बांधायची होती. आम्ही कोर्टात गेलो, तेव्हा कुठे किनाऱ्यावर पर्यावरणाची सुनावणी लागली. मांडवाची कनात शिडासारखी फुगत होती, पाण्यावर ऊन डुलत होतं, आणि स्वतःला मोठी वक्ता समजणारी मी ‘पर्यावरण’ म्हणायच्या ऐवजी माइकवर गरजले, “आम्हाला पर्यटन वाचवायचंय.” रिसॉर्टवाल्यांनी टाळ्याच वाजवल्या. सासूने माइक ओढून घेतला. “साहेब, सून येडी हाय. पण हिला याच वाळूवर बोंबील सुकवायला आणलीय. वाळू गेली तर हिला ठेवू कुठं?” सुनावणी घेणारे साहेब हसले, पण त्यांनी ते लिहून घेतलं. केस अजून चालूच आहे, आणि सासूच्या जागी बसून वाळूवरचे कावळे आता मी हाकते.