फाऊल कोणाचा, हात कोणाचा

आमच्या शाळेमागच्या खळ्यात बास्केटबॉल सुरू झाल्यापासून एवढे किस्से झालेत, की एक सांगायला घेतला की दुसरा त्याची शेपटी धरून येतोच. तर पैजेपासून सुरू करतो.

बाब्या आमच्यातला सगळ्यात धिप्पाड. बापाची रापण. पहाटे किनाऱ्यावर जाळं ओढायचं, मग शाळेत यायचं. त्याच्या अंगावर आपटलेलं पोर उठल्यावर आधी स्वतःचे दात चाचपायचं. आणि माने सरांनी शिट्टी मारली की बाब्याचं ठरलेलं, "मी हात लावूक नाय."

मी म्हटलं, "बाब्या, पुरो डाव कोणाक हात न लावता खेळान दाखव. हरलंस तर आठवडोभर माझा दप्तर तू उचलूचा."

"खेळतंय."

गाढवाने हात पाठीमागे पंच्याने बांधून घेतले आणि नुसता अडवायला उभा राहिला. लगेच शिट्टी. त्याने कंबरेनेच दोघांना आडवं केलं होतं.

"सर, हात बांधलेले आसत!"

"फाऊल हातानेच होतो, असं कोणी सांगितलं?" सर म्हणाले.

आठवडाभर माझं दप्तर मजेत गेलं.

*

माने सर कोल्हापूरकडचे. शिट्टी गळ्यात घालूनच जेवायचे. त्यांचं म्हणणं, धक्का लागला की फाऊल, असं नसतं. एवढ्याशा खळ्यात एवढी पोरं, अंगाला अंग लागणारच. जागा आधी कोणी धरली, आणि धक्क्याने कोणाचं काय बिघडलं, तेवढं बघायचं.

बाब्याला पटेना. "सर, रापण ओढताना खांद्याक खांदो लागता. थंय कोण शिटी मारता?"

सर दुसऱ्या दिवशी पहाटे खरंच किनाऱ्यावर गेले. दोर ओढला, हाताला फोड आणले. तासाला येऊन म्हणाले, "बाब्या, तिथे सगळे एकाच बाजूला ओढतात रे."

*

मला पडायची कला येते. बाब्या नुसता जवळून गेला तरी मी "आये गे" करून कोलांटी मारायचो. शिट्टी मिळायची कधी कधी.

एकदा असाच पोट धरून लोळत होतो. सर येऊन वाकले.

"लागलं?"

"खूप, सर."

"कोणी मारलं?"

"बाब्यान."

"डोळे उघड."

उघडले. बाब्या खळ्याबाहेर पाणी पीत होता.

*

सरांचा एक नियम होता. ज्याचा फाऊल, त्याने स्वतः हात वर करायचा. पाच झाले की तो बाहेर. बाब्याने जन्मात कधी हात वर केला नाही. एकदा त्याचे चार झाले, पाचव्याची शिट्टी वाजली, तर मीच हात वर केला.

सर म्हणाले, "कोपर बाब्याचा, हात तुझा कसा?"

"सर, तो रापणीन दमलोहा."

दोघांनाही बाहेर काढलं.

*

मग नान्याचा शर्ट फाटला. नान्या म्हणजे आमच्यातला काडीपैलवान. त्याची आई मासे विकते. ती डोक्यावरच्या पाटीसकट हेडमास्तरांच्या खोलीत शिरली आणि शर्ट टेबलावर टाकला.

"गुरुजी, ही पोरां बॉल खेळतत की बिळातल्यो कुर्ल्यो धरतत?"

खोलीभर बांगड्यांचा वास. हेडमास्तर नाकाला रुमाल लावून सरांना म्हणाले, "कट्टा गावच्या शाळेशी आपल्या खळ्यात मॅच आहे ना? त्यात एक जरी भांडण झालं, तरी ती रिंग खाली उतरेल. परत लागणार नाही."

रिंग गावच्या लोहाराने पिंपाच्या कड्याची केलेली. तिची जाळी बाब्याच्या बापाने स्वतः विणलेली.

*

मॅचला हेडमास्तर खुर्ची टाकून बसले. बाजूला शिपाई, शिडी घेऊन.

शेवटाला आम्ही एका पॉइंटने पुढे. बाब्याचे चार झालेले. कट्ट्याचा कॅप्टन रिंगखाली उडाला, सगळी पोरं त्याच्याभोवती उडाली, आणि बॉल एकीकडे नि कॅप्टन एकीकडे. सर पलीकडे होते, मध्ये नुसत्या पाठी. शिट्टी नाही.

"फाऊल!" कट्टेवाले ओरडले.

"खंयचो फाऊल?" आमचे.

दोन्हीकडची माणसं चुन्याची रेघ ओलांडून आत. नान्याच्या आईने रिकामी पाटी उचलली, ती कोणाच्या डोक्यात घालायला ते तिलाच ठाऊक.

सर मध्ये उभे राहून म्हणाले, "मला दिसलं नाही. जे दिसलं नाही, त्याची शिट्टी मी मारणार नाही."

आवाज आणखी वाढला. हेडमास्तरांनी मान हलवली. शिपायाने शिडी खांबाला लावली.

तेव्हा बाब्याने हात वर केला.

"काय रे?" सर म्हणाले.

"फाऊल, सर. माझो."

"मी शिट्टी मारली नव्हती."

"ठावक आसा. तुमका दिसूक नाय. माझ्या कोपराक कळला."

नान्याच्या आईने पाटी खाली ठेवली. माणसं एकेक करून रेघेबाहेर गेली. मग सरांनी शिट्टी मारली.

"पाचवा. बाहेर."

कट्ट्याच्या कॅप्टनने दोन्ही फ्री थ्रो घातले. आम्ही एकाने हरलो.

हेडमास्तर खुर्चीतून उठले, रिंगकडे बघितलं, बाब्याकडे बघितलं.

"शिडी ने परत," ते शिपायाला म्हणाले.

बाब्या रेघेबाहेर बसला होता. हात अजून वरच.