उतार पडला

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधल्या मराठी घरांत दिगंबर पांढरीपांडे दोन कामांसाठी ओळखले जात. सोमवार ते शुक्रवार ते एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासत, म्हणजे इतरांच्या चुका काढत. शनिवार-रविवारी सत्यनारायण सांगत आणि तिथे यजमानांच्या चुका काढत. एप्रिलमध्ये गाडीच्या ट्रंकमधून चौरंग आणि समई एकदम उचलताना त्यांची कंबर धरली आणि चुका काढणारा माणूस स्वतःच नादुरुस्त झाला.

त्यातच मुलीने, सावनीने, पार्सिपनीला घर घेतलं.

"वास्तुशांत बाबा करणार असतील तरच," तिने सांगून टाकलं. "नाहीतर दूध उतू घालू, पिझ्झा मागवू, झालं."

"पिझ्झ्याने वास्तू शांत होते काय?"

"माझी तर होते."

म्हणून दिगंबरराव हिमानीकडे जाऊ लागले. हिमानी कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठीचे मणके हातांनी दाबून, हलवून बघणारी डॉक्टर. जन्म इथल्याच एडिसन गावचा, मराठी रविवारच्या शाळेतलं. ती पाठीवर हात ठेवून असा काही झटका द्यायची, की बाहेर बसलेल्या मालिनीताई कडकड ऐकून डोळे मिटून घ्यायच्या.

महिनाभर दिगंबररावांनी दुखण्याची रोजची नोंद ठेवली. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे रामनाम. सात, पाच, दोन, सात, चार, दोन, आठ. पूजा दोन दिवसांवर आली तेव्हा तो कागद हातात घेऊन, प्रश्नचिन्हासारखे वाकून, ते क्लिनिकमध्ये शिरले. गाडी चालवत आणलं म्हणून मालिनीताईही मागोमाग आत आल्या.

"बेटा, तुझ्या उपचारात दोष आहे," दिगंबरराव म्हणाले. "सोमवारी तू दुरुस्त करतेस, बुधवारी तोच बग परत. आमच्याकडे असं सॉफ्टवेअर कोणी बाहेर सोडत नाही. परवा मला तीन तास मांडी घालून बसायचं आहे. आता ह्या मंगळवारचंच बघ, छान उतार पडला होता..."

हिमानीचं पेन थांबलं. "पडला? मंगळवारी?"

"हो. संध्याकाळपर्यंत."

"ओ माय गॉड. कुठला उतार, काका? घरचाच?"

दिगंबररावांनी वळायचा प्रयत्न केला. मान वळली, कंबर नाही. "मालू, तू सांगितलंस हिला?"

"मी काय सांगणार? मी मंगळवारी ऑफिसात होते."

"मग हिला आपल्या दारातल्या उताराचं, ड्राइव्हवेचं कसं कळलं?"

"काय ड्राइव्हवेचं?" दोघींनी एकदम विचारलं.

"आठच पोती होती," दिगंबरराव भिंतीवरच्या मणक्यांच्या चित्राला म्हणाले. "झाडांच्या बुंध्याशी घालायच्या भुशाची. बरं वाटत होतं, म्हणून खालून वर नेली. पण पडलो नाही हं मी."

"तुम्हीच म्हणालात, उतार पडला."

"अगं, दुखण्याला उतार पडला. म्हणजे कमी झालं."

"ओह." हिमानी लाजली. "मला वाटलं, उतारावरून पडला."

"हिच्या मराठीचे फार उपकार झाले," मालिनीताई म्हणाल्या. "नाहीतर त्या पोत्यांचं दुखणं ह्यांनी हिच्याच माथी मारलं असतं. आणा तो कागद इकडे. सात तारखेला दोन लिहिलंय ना? त्या दिवशी गॅरेज आवरलं. बाराला परत दोन? पलंग सरकवला. एकट्याने."

"ते कागदावर नाही," हिमानी म्हणाली.

दिगंबररावांनी कागद पाहिला. बग कळवताना आधी काय केलं ते न लिहिणाऱ्या पोरांवर ते तीस वर्षं डाफरत आले होते. त्यांच्या कागदावर नुसते आकडे होते.

"काका, सगळं तुमचंच नाही," हिमानी समजुतीने म्हणाली. "माझ्या ट्रीटमेंटनंतर एक-दोन दिवस ठणकू शकतं. झोप नाही, टेन्शन आहे, तरी वाढतं. पाठ सरळ रेषेत बरी होत नाही. पण ज्या दिवशी दोन असतं, त्या दिवशी ती फक्त कमी दुखते. बरी नसते. पायाला मुंग्या आल्या, जोर गेला, तर मात्र लगेच फोन."

"आणि शनिवार?"

"खुर्चीवर बसा. दर वीस मिनिटांनी उठून चाला."

"खुर्चीवर? देव खाली आणि गुरुजी वर?"

"मग देवांनापण वर घ्या."

शनिवारी सावनीच्या स्वयंपाकघरातल्या उंच ओट्यावर चौरंग चढला. दिगंबरराव खुर्चीवर, मुलगी-जावई स्टुलांवर. दर वीस मिनिटांनी सावनीच्या फोनवरचा गजर वाजे, गुरुजी मंत्र म्हणतच हॉलमध्ये चक्कर मारून येत आणि यजमान कोपर ओट्यावर टेकवून बसलेत हे दुरून दाखवून देत. हा कुठला विधी म्हणून कोणी विचारलं नाही. दोन पाहुणे तर श्रद्धेने मागून चाललेही. पूजा साग्रसंगीत झाली.

रविवारी सकाळी कंबर पुन्हा ठणकली. सावनीचा फोन आला.

"बाबा, माझ्यामुळे दुखतंय ना? मी उगाच हट्ट धरला."

"पाच आहे. तीन तासांची पूजा केली, ठणकणारच. उतरेल."

"मग आज काय करताय?"

"काही नाही. पडलोय."

"आणि उद्या बरं वाटलं तर?"

दिगंबररावांनी दाराकडे पाहिलं. मालिनीताई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"उद्या बरं वाटलं," ते आवाज खाली आणत म्हणाले, "तर तुझी आई ऑफिसला रजा टाकणार आहे."