डॉक्टरांना सांगितलेली हवेशीर खोली

मी एकदा डॉक्टरांशी खोटं बोलले. बरं, माझ्या दुखण्याबद्दल बोलले असते तर माझं मी भोगलं असतं, पण बोलले ते वडिलांच्या दुखण्याबद्दल. तेव्हा मी चांगली पंचावन्नची होते, म्हणजे अक्कल यायला कुणाची हरकत नव्हती.

आई गेल्यावर आबा आमच्याकडे, साताऱ्याजवळच्या गावी राहायला आले. लेकीच्या घरी राहायचं म्हणून आधीच अंग चोरून असायचे. मी त्यांची खाट गोठ्यालगतच्या खोलीत टाकली. म्हशींचा कडबा तिथंच रचलेला. माडीवरची खोली पाहुण्यांसाठी राखलेली. पाहुणे वर्षातून दोनदा यायचे आणि चहा पिऊन जायचे. पण पलंगपोस काय देखणा होता!

आबांना कोरडा खोकला लागला. अंगणातून दारापर्यंत येताना धाप लागायची. टीबी निघाला नाही, दम्याची औषधं लागू पडेनात, तेव्हा सांगलीला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्कॅन काढून चौकशी सुरू केली.

"घरात कबुतरं? ओल, बुरशी? भिजलेली वैरण?"

"छे हो!" मी म्हणाले.

"आजोबा, झोपता कुठं?"

आबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "माडीवर. एकदम हवेशीर खोली आहे."

"नशीबवान आहात, आजोबा."

मी पदर सारखा केला. आबा पंख्याकडे बघत राहिले.

घरी येऊन गुपचूप खाट हलवायला काय झालं होतं मला? पण जन्मभर शेतात राबलेल्या माणसाला कडब्यानं काय होतंय, असं मीच ठरवून टाकलं. दारावर डॉक्टरची पाटी लावायचीच काय ती बाकी होती.

पुढं आबा पाचगणीला माझ्या मुलीकडे पंधरा दिवस राहिले. खोकला निम्म्यावर आला. परतल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा सुरू. सांगलीला गेल्यावर मी ऐटीत म्हणाले, "पाचगणीची हवा मानवते त्यांना."

"तिथली हवा राहू द्या, बाई. तुमच्या घरी असं काय आहे, जे तिथं नाही?"

मग सांगितलं. पावसात भिजून बुरशी धरलेला कडबा, रोज सकाळी आबाच उपसायचे त्या पेंढ्या, उडणारी भुरकट धूळ, शेजारची खाट. डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी नवा स्कॅन जुन्याशेजारी लावला.

"हा आजार फार कमी लोकांना होतो. ही धूळ पुष्कळांना सोसते, एखाद्याच्या फुप्फुसांना नाही. आधी सूज येते, मग व्रण पडतात. धूळ टाळली, गोळ्या घेतल्या, तर सूज उतरेल. हे पांढरं जाळं मात्र आता निघायचं नाही."

जुन्या स्कॅनमध्ये जाळं तळाशी होतं. नव्यात ते वर चढलं होतं. मधले चार महिने माझे.

परत येताना कराडला चहाला थांबलो. आबा गाडीतून उतरले नाहीत. मी कप हातात दिला आणि विचारलं, "आबा, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाही?"

दोन घोट घेऊन, दम खाऊन ते म्हणाले, "परक्या माणसाम्होरं लेकीला खोटी पाडू व्हय? मला वाटलं, घरला गेल्यावर तू आपनहून खाट हलवशील."