पायी येणारं उत्तर

वत्सलाताईंबरोबर निघालं की बस हमखास चुकायची. वाटेत ओढा, डबकं, अगदी तुंबलेलं गटार दिसलं तरी त्या साडी सावरून वाकायच्या आणि म्हणायच्या, "थांब नं, कोण राहतं इथं ते पाहू दे."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी लग्न होऊन इंग्लंडमधल्या स्लाऊ गावी आले आणि तिथल्या कॉलेजात पर्यावरणशास्त्राच्या कोर्सला नाव घातलं. मागच्या बाकावर पन्नाशीच्या, मूळच्या नागपूरच्या वत्सलाताई बसल्या होत्या. माझं मंगळसूत्र पाहून म्हणाल्या, "मराठी ना? बस इथं. तू मला केमिस्ट्री समजावून सांग, मी तुला इथल्या बसेस समजावून सांगते." त्यांची शाळा सातवीनंतर सुटली होती. मुलं हाताशी आल्यावर त्यांनी आधी इंग्रजीचे वर्ग केले आणि मग हा कोर्स धरला.

लेखी पेपर त्यांना जमायचे. तोंडी परीक्षा मात्र ओढ्याकाठी असायची. जाळीत आलेले किडे ओळखायचे आणि त्यांवरून पाणी कसं आहे ते सांगायचं. पहिल्या वर्षी परीक्षकांनी भराभर प्रश्न विचारले आणि ताईंच्या तोंडून शब्द फुटेना. त्या नापास झाल्या.

"आई, इनफ आता," त्यांचा मुलगा माझ्यासमोरच म्हणाला. "कशाला स्वतःला त्रास देते?"

"तू ड्रायव्हिंग टेस्टला कितीदा बसला? मी काही बोलली?" ताई शांतपणे म्हणाल्या. "जा, चहा ठेव."

पुढच्या वर्षी त्या पुन्हा बसल्या. मी पास झाले होते, तरी त्या दिवशी सोबत गेले. परीक्षक तेच. पांढऱ्या ट्रेमध्ये एक अळी वळवळत होती. त्यांनी प्रश्न विचारला, ताई गप्प. मग ताई एकेक इंग्रजी शब्द जपून उच्चारत म्हणाल्या, "सर, उत्तर येतं आहे. पण ते पायी येतं आहे."

परीक्षक हसले, फाइल मिटून काठावरच्या ओंडक्यावर बसले. मग ताई बोलू लागल्या. ही अळी घाण पाण्यात जगत नाही, म्हणजे इथलं पाणी चांगलं. पुलाखाली मात्र लाल अळ्या आहेत, तिथं प्राणवायू कमी. बोलता बोलता त्यांनी परीक्षकांना उठवून पुलापर्यंत नेलं.

त्या पास झाल्या. गावाबाहेरच्या निसर्गकेंद्रात शाळेच्या मुलांना तळं दाखवायचं काम त्यांना मिळालं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याची नोकरी मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात गेली. सामान भरायच्या सकाळी ताई आल्या. साडीवर केंद्राचा हिरवा स्वेटर, पायांत गमबूट. दारात उभ्याउभ्याच त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. व्हॅनमध्ये कपाट मावत नव्हतं, नवरा ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता. ताईंनी घड्याळ पाहिलं.

"मी निघते. पोरं तळ्यावर येऊन राहिली असतील. मी नसली तर उतरतील पाण्यात."

निरोप द्यायला आल्या होत्या त्या, पण आधी गेल्याही त्याच. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हात हलवत राहिले. त्यांनी मागे पाहिलं नाही. कामाला उशीर होत होता.