टपाला रबराचे दोन हात

लोकांच्या नवऱ्यांना निवृत्तीनंतर हास्यक्लब सापडतो. माझ्या नवऱ्याला शाळेची जुनी मिनीबस सापडली. आयुष्यभर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर उभा राहिलेला माणूस, स्वस्थ बसणार कसा? मित्राच्या शेडमध्ये नेऊन त्यांनी तिच्या सीटा काढल्या, फळ्यांचा पलंग ठोकला आणि ती आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडात आणून उभी केली. म्हणाले, "ही आपली कॅराव्हॅन." कॅराव्हॅन घेऊन लोक गोव्याला जातात. आम्ही दुसऱ्या मजल्यावरून खाली येतो आणि झोपतो. दीड वर्षातला सगळ्यात लांबचा प्रवास गोराईच्या जेट्टीपर्यंत, तोही बॅटरी उतरू नये म्हणून.

खाली झोपायचं कारण आमचं घर. आधी किचन, मग खोली, खोलीच्या पलीकडे बाथरूम. किचनमध्ये सासूबाई झोपतात आणि त्यांना बाथरूमला जायचं तर खोलीतूनच जावं लागतं. त्यामुळे खोलीला कडी लावणे हा प्रकार आमच्याकडे नाही. मुलाचं लग्न झालं, खोली त्या दोघांना दिली आणि आम्ही बसमध्ये आलो. बिल्डिंगवाले हसले. मीही भेटेल त्याला सांगायचे, भंगारात घाला ते धूड.

खरं सांगायचं तर बसला आतून कडी होती. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण कडी लावून झोपायचं सुख मला कधी मिळालंच नव्हतं. आम्ही भांडणंसुद्धा कुजबुजत केली. बसमध्ये पहिल्यांदा तोंड सोडून भांडले, तेव्हा काय बरं वाटलं म्हणून सांगू. यांना हे अर्थात बोलले नाही. उगाच शेफारले असते.

पण यांची कारागिरी ना! पंखा बसवायला टपाला स्वतःच्या हातांनी चौकोनी भोक पाडलं होतं. गेल्या पावसाळ्यात पाणी बरोबर तिथून आणि बरोबर माझ्या उशीवर. यांची उशी कोरडी ठणठणीत. पुट्टी भरून झाली, ताडपत्री बांधून झाली, शेवटी गाद्या उचलून वर गेलो ते थेट नवरात्रापर्यंत. किचनमध्ये मधे सासूबाई, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे. या मे महिन्यात मी यांना सरळ सांगितलं, "यंदा टप गळला तर मी वर जाणार नाही आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही. काय ते करा."

त्यांनी लिक्विड रबराचा डबा आणला. पांढरं, दह्यासारखं घट्ट. रोलरने फासायचं, वाळलं की टपावर रबराचं अखंड कातडं तयार होतं, म्हणे. मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ सात वेळा बघून झाला आणि यांना सगळं यायला लागलं. "काय्येक कठीण नाय गो." दोन दिवस टपावर बसून गंज घासला, जुनी पुट्टी खरवडली, साबणाने धुऊन टप चकाचक केला. घरातलं बाथरूम या माणसाने जन्मात धुतलेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रबराचा पहिला हात मारला. "उद्या दुसरो हात. तवसर कोणी हात लावूचो नाय," असा हुकूम सोडून मित्राला फोटो दाखवायला इस्टेटमध्ये गेले.

आता माझा पराक्रम. गावाहून रातांब्यांची पिशवी आली होती. आमसुलं करायची तर ऊन पाहिजे आणि गच्चीला सेक्रेटरींनी कुलूप घातलेलं, आमच्याच सुरक्षेसाठी. इकडे खाली अख्ख्या कंपाउंडातलं कडक ऊन त्या पांढऱ्याशुभ्र टपावर. शिडीवर चढून बोटाने चाचपलं, वाळलं होतं. हात लावू नका म्हणाले होते, साडी पसरू नका असं कुठे म्हणाले होते? जुनी सुती साडी पसरली आणि वर रातांब्यांची सालं मांडली.

चार वाजता काढायला गेले तर सालं आली, साडी येईना. रबर वरून वाळलं होतं, आत सगळं ओलं. ओढली तर रबरासकट सुटायला लागली. तशीच सोडून खाली उतरले. आता टप गळणार, गाद्या वर जाणार आणि या वेळी बोल लावायला नवराही नाही.

हे आले, वर चढले. भोकाभोवती घट्ट बसलेली साडी अंगठ्याने दाबून दाबून बघितली. म्हटलं, आता बत्तीस वर्षांचं उट्टं काढणार. तर म्हणाले, "ह्या तुका कोणी सांगितला?" त्या गोऱ्या माणसाने म्हणे ओल्या रबरात कापडाच्या पट्ट्या बसवल्या होत्या, सांधे तडकू नयेत म्हणून. यांना तेवढं कंटाळवाणं वाटलं, म्हणून गाळलं होतं. मोकळे काठ कात्रीने कापले आणि दुसऱ्या दिवशी साडीवरूनच दुसरा हात मारला. मी म्हटलं, "कुणी सांगायला कशाला लागतं? समजतं आम्हाला."

दोन दिवसांनी सुनेने दुसऱ्या मजल्यावरून पाइप सोडला. टँकरवर जगणारी आमची सोसायटी, तिथे अर्धा तास टपावर धो धो पाणी. मी आत पलंगावर आडवी, नजर वर. एक थेंब नाही. मला रडूच फुटलं. कडी लावली आणि रडून घेतलं.

दार उघडलं तर बाहेर सून उभी. मुलगा तिच्या मागे, बुटांकडे बघत. ती म्हणाली, "आई, आता गळत नाही ना. मग आम्ही झोपू इथे? वर कडी लावता येत नाही."

आई म्हणून मी लगेच हो म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "सोमवार ते शुक्रवार तुम्ही. शनिवार-रविवार आम्ही."

"उलट करा ना, आई. सुट्टी तेव्हाच असते आम्हाला."

सासूसमोर मला असं बोलायला बत्तीस वर्षांत जमलं नाही. तिचा हेवा वाटला, रागही आला, आणि मी बरं म्हणाले.

शनिवारी मी पलंगावरची चादर बदलली, किल्ली तिच्या हातात ठेवली आणि वर खोलीत, सासूबाईंच्या वाटेत, आमच्या दोघांच्या गाद्या घातल्या. अख्ख्या मुंबईत सोमवारची वाट बघणारी बाई मी एकटीच असेन.