सवय तोडताना

कुत्र्याला नेदरलँड्सला घेऊन जायचं मी ठरवलं, तेव्हा अण्णा आडवे येणार अशी माझी खात्री होती. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्याशी भांडायची मी जय्यत तयारी करून ठेवली होती. कोणत्या मुद्द्याला काय उत्तर द्यायचं, हे आंघोळ करताना पाठसुद्धा केलं होतं. पण त्यांनी भाकरी मोडता मोडता एवढंच म्हटलं, "ने की. न्हायतर तिथं एकटी काय करणार हाईस तू?" माझे सगळे मुद्दे तसेच राहिले. भांडायला समोर माणूसच नसला की मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

कुत्रा घरात आला तोही त्यांच्यामुळेच. माझं लग्न मोडलं आणि मी पुण्याहून कोल्हापूरला कायमची परत आले, त्या सुमाराची गोष्ट. आमचा म्हशींचा धंदा. शहर वाढत वाढत गोठ्याच्या चारी बाजूंनी आलं, तरी अण्णांनी म्हशी हलवल्या नाहीत. तर ते एकदा पेठ वडगावच्या बाजारात म्हैस बघायला म्हणून गेले आणि म्हैस न घेता शर्टात पिल्लू घालून परत आले. गावठी, पिवळसर, एक कान उभा, एक पडका. लग्नाबद्दल त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलं आणि धार काढायला निघून गेले. त्याचं नाव मी ठेवलं. ते इथे लिहीत नाही, कारण हे लिहितेय तेव्हा तो टेबलाखाली झोपलाय आणि नाव लिहायचं म्हटलं की ते माझ्या तोंडातून बाहेर पडतं.

कंपनीनं मला तिकडच्या ऑफिसात बोलावलं आणि तयारी सुरू झाली. माणसाच्या व्हिसाला जेवढं लागतं त्याच्या दुप्पट कुत्र्याला लागतं, हे मला तेव्हा कळलं. आधी मानेच्या कातडीखाली चिप बसवायची, मग रेबीजची लस. आम्ही लस आधीच टोचून मोकळे झालो होतो, तर ती धरणार नाहीत असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले, कारण चिप नसताना टोचलेली लस ह्याच कुत्र्याला टोचली कशावरून? पुन्हा टोचली. मग महिनाभर थांबून रक्त काढलं आणि ते तपासायला परदेशात पाठवलं. "आपल्या घरातनं परदेशात पयलं कोण गेलं, तर कुत्र्याचं रक्त," आई म्हणाली आणि गल्लीत सगळ्यांना सांगून आली. रक्त पास झालं तरी लगेच नेता येत नाही, ते काढल्या दिवसापासून तीन महिने जावे लागतात. तेवढ्यात त्याला पिंजऱ्याची सवय लावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पिंजरा त्याला घर वाटला पाहिजे, विमानाच्या पोटात तेवढाच एक ओळखीचा असणार.

पिंजरा आला आणि पुढच्या खोलीत, सोप्यात बसला. आई त्याला खुराडं म्हणायची. शेजारच्या काकूंनी कोंबड्या कधी आणणार म्हणून विचारलं. मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. दार काढून ठेवलं, आत माझी जुनी ओढणी घातली, ओढणीवर चिकनचे तुकडे ठेवले आणि गोड आवाजात हाका मारल्या. कुत्र्यानं मान आत घालून तुकडे खाल्ले, मागचे दोन पाय बाहेरच ठेवले आणि गोठ्याकडे चालता झाला. आठवडाभर हेच. एका संध्याकाळी अण्णा पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला खाली बसून काहीतरी शोधत होते, तर हा सरळ आत जाऊन जाळीला नाक लावून बसला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नाव मी ठेवलं होतं, लशींच्या कार्डावर मालकीण म्हणून मी होते, पण कुत्रा अण्णांचा होता. मी दिवसभर कानाला हेडफोन लावून माडीवर बसलेली. तो पहाटे त्यांच्याबरोबर गोठ्यात असायचा, ते रतीब घालायला निघाले की मोपेडवर पुढे, दुधाच्या दोन किटल्यांच्या मधे उभा राहून सगळी गिऱ्हाइकं करून यायचा. लोक त्याला ओळखायचे. एखाद्या दिवशी तो नसला तर दूध पातळ आहे का असं विचारायचे, असं अण्णा सांगायचे. अर्थात ते स्वतः काहीही सांगतात.

मी त्यांना जाऊन म्हटलं की तो तुमच्यामागे आत जातोय, तर तुम्हीच शिकवा. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुत्र्याकडे बघायचं सोडलं.

अगदी सोडलंच. मोपेडवर चढायला आला की पायानं बाजूला सारायचे. रात्री ताटातला शेवटचा तुकडा त्याचा असायचा, तो बंद झाला. गोठ्याचं दार आतून लावून घ्यायला लागले. कुत्रा दाराबाहेर बसून आधी कुंईकुंई करायचा, मग फळीला नखं घासायचा, मग नुसता बसून राहायचा. त्यानं खाणं कमी केलं. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे, पण वजन असंच उतरलं तर प्रवासाचा दाखला द्यायला मला विचार करावा लागेल. माझं डोकंच फिरलं. तोंडानं ने म्हणायचं आणि मुक्या जनावरावर राग काढायचा, ही कुठली रीत? आई म्हणाली, तू मधे पडू नकोस, ते करतील ते करतील. मी मधे पडले.

अण्णा धार काढत होते. दार उघडून मी आत गेले, माझ्यामागे कुत्रा घुसणार तेवढ्यात त्यांनी हातानंच खूण केली, दार लाव. मी लावलं आणि सुनावलं की तो तुम्हाला द्यायचा नसेल तर सरळ सांगा, मी एकटी जाईन, पण त्याला असं छळू नका. म्हैस पान्हवलेली असताना ते घरात आग लागली तरी उठायचे नाहीत. धार संपली, बादलीवर फडकं टाकलं, मग म्हणाले, "राग कशाचा. तोडाय लागलोय त्याला."

आमच्या घरात तोडणं म्हणजे काय हे मला सांगावं लागत नाही. रेडकू मोठं झालं की त्याचं दूध तोडतात. त्याला म्हशीच्या नजरेआड बांधतात, पण एकदम लांब नाही, तिचा वास येईल इतकं जवळ. दोन दिवस ते ओरडतं, मग वैरणीला तोंड लावतं. म्हैस मात्र त्यानंतरही रेकत राहते. लहानपणी त्या आवाजानं मला झोप लागायची नाही, मग आई माझ्या कानात कापूस घालायची.

"माझ्याच मागं फिरत ऱ्हायलं आनि तू एक दिवस गाडीत घालून नेलंस," अण्णा म्हणाले, "तर ते तिथं माझी वाट बघत बसंल. जलमभर बसंल. त्यापरास हितंच तुटूदे. मी डोळ्यापुढं असताना कळूदे त्याला, ह्या माणसाकडं आता आपलं काय न्हाय."

मी म्हटलं, कुत्रा म्हणजे रेडकू नव्हे. ते म्हणाले, सवय ती सवयच. मी डॉक्टरांना मधे घातलं. डॉक्टरांनी फोनवर त्यांना नीट समजावलं की एवढं कडक वागायची गरज नाही, हळूहळू दोघांनी मिळून सवय लावा. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, होय साहेब, होय साहेब म्हणाले आणि फोन ठेवून गोठ्याचं दार आतून लावलं. मी हात टेकले. मला आजही वाटतं की डॉक्टरांचं बरोबर होतं आणि अण्णांचं चूक होतं. पण एक गोष्ट मी माडीवरून बघितली, ती सांगायला हवी. पहाटे ते मोपेड दारात सुरू करत नव्हते. दोन्ही किटल्या भरलेल्या, गाडी जड, वय झालेलं, तरी ती हातानं ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचे आणि तिथे गेल्यावर किक मारायचे. गाडीचा आवाज ऐकून कुत्रा उठू नये म्हणून. ते बघितल्यावर मी पुन्हा भांडले नाही.

आणि कुत्रा हळूहळू माझ्याकडे सरकला. आधी जिन्याच्या खालच्या पायरीवर, मग वरच्या, मग माझ्या दाराशी. एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना तो आत आला आणि माझ्या पायावर धप्पकन पडला. मला आनंद झाला, लपवत नाही. मी त्याला सकाळ-संध्याकाळ रंकाळ्यापर्यंत फिरवायला लागले, माझ्या हातानं भरवायला लागले. पिंजऱ्यात तो ओढणीवर झोपायला लागला, मग दार लावून, मग दार लावून गाडीत. वजन भरून आलं. अण्णा सोप्यातून जाता-येता पिंजऱ्याला वळसा घालून जायचे.

तेव्हापासून संध्याकाळचा चहाही ते गोठ्यातच मागवायला लागले. एरवी मी काम संपवून खाली आले की कट्ट्यावर आम्ही दोघं चहा घ्यायचो, ते गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे आणि मी त्या खोट्या पाडायचे. आता कुत्रा सतत माझ्या पायात, म्हणून ते येत नाहीत, असं मी धरून चालले. आईला विचारलं तर ती म्हणाली, कामं असत्यात त्यास्नी.

निघायच्या दिवशी मुंबईपर्यंत भाड्याची गाडी केली होती. आई सोडायला येणार होती, अण्णा नव्हते. म्हशींची धार कोण काढणार, हे कारण खरंच होतं, त्यावर बोलता येत नव्हतं. शेजारच्या काकूंनी पिंजऱ्याला कुंकू लावलं. आईनं माझ्या हातावर दहीसाखर घातली आणि मग कुत्र्यालाही चाटवली. पिंजरा गाडीत ठेवल्यावर तो आपणहून चढला, आत गेला, वळला आणि पंजांवर हनुवटी ठेवून बसला. गल्लीतल्या बायका बघत राहिल्या. इतकी शहाणी तर आपली पोरंसुद्धा नाहीत, असं कोणीतरी म्हणालं.

मी गोठ्यात पाया पडायला गेले. अण्णांच्या दोन्ही हातांना पेंड लागलेली होती, त्यामुळे त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. "वाटंत पाणी दाव त्याला," म्हणाले. आणि मला म्हणाले, "जा, उशीर हुतोय." बस्स. परत घमेल्यात हात घातले. कराडपर्यंत मी रडले नाही, चिडलेलीच होते. चौतीस वर्षांची बाई देश सोडून निघालीय आणि बापाला कुत्र्याच्या पाण्याची पडलीय, असं मी आईला म्हटलं. आई खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत होती. म्हणाली, तसलंच हाय त्यांचं, सोड.

इथे कुत्रा माझ्या आधी रुळला. घर लहान आहे, बाहेर कालवा, कालव्यात बदकं. सुरुवातीला तो त्यांच्यावर भुंकला, मग त्यांनी दाद दिली नाही म्हणून गप्प झाला. रात्री पिंजऱ्यातच झोपतो. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले तरी मागे येतो. दाराकडे तोंड करून बसलाय, कोणाची वाट बघतोय, असं एकदाही झालं नाही.

मी रोज घरी फोन करायचे. आई बोलायची, काकू बोलायच्या, अण्णा कधीच नाही. कधी गोठ्यात असायचे, कधी डोळा लागलेला असायचा. मी वैतागून एकदा म्हटलं की त्यांना माझ्याशी बोलायचंच नाही का? तेव्हा आईनं सांगितलं. कुत्रा जवळ असतो ना तुझ्या, त्यांचा आवाज त्याच्या कानावर पडला तर परत सगळं पहिल्यापासून, म्हणून ते फोनला हात लावत नाहीत.

मग एका रविवारी कुत्र्याला घरात ठेवून मी एकटीच कालव्यापर्यंत चालत गेले. कोल्हापुरात संध्याकाळची धार झालेली असेल असं बघून फोन लावला आणि आईला म्हटलं, तो माझ्याजवळ नाही, त्यांना दे. मग अण्णांचा खाकरा ऐकू आला. त्यांनी कुत्र्याचं सगळं विचारलं. खातो का, थंडी सोसते का, तिथली माणसं त्याला काय म्हणतात. मी सांगितलं की छान आहे, माझ्याच मागे असतो, कोणाला शोधत नाही. विसरलं म्हणायचं मला, असं त्यांनी विचारलं. मला खोटं सांगता आलं असतं, पण ह्याच्यासाठीच त्यांनी एवढं केलं होतं. होय अण्णा, विसरला, असं मी म्हणाले.

ते बरं झालं म्हणाले.

"तुझंबी तसंच कराय बघितलं मी," ते म्हणाले. "चा येगळा घेतला. जाताना गोठ्यातनं हाललो न्हाय. म्हटलं, पोरगी तिकडं जाऊन मागं बघत बसाय नको." मग विचारलं, "सुटली का माझी सवय?"

नाही सुटली, असं मी म्हणाले.

"मलाबी जमलं न्हाय बघ," अण्णा म्हणाले, आणि मग आम्ही दोघं कितीतरी वेळ म्हशींबद्दल बोलत राहिलो.