जाळीवरचा हार

माझा भाऊ गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी गेला. त्याचं हृदय बंद पडलं.

त्याआधीच्या दसऱ्याला तो विजेवरची स्पोर्ट्स कार घेऊन आमच्या गावी, कळंबला आला होता. तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ट्रॅक्टरबरोबर तिचीही पूजा केली आणि झेंडूचा हार पुढच्या जाळीवर बांधला. आम्ही दोघं बारामतीला निघालो. वाटेत पाकळ्या आत ओढल्या गेल्या, बॅटरी थंड ठेवणारा पंखा अडकला आणि तापलेली गाडी बैलगाडीच्या चालीवर आली. भावाने हार सोडला, बोटांनी पाकळ्या काढल्या.

"तायडे, तात्यांना सांगू नको. पुन्हा गाडीला हात लावायचे न्हाईत ते."

घरी त्याने गाडी तापल्याचा दोष वाटेत उडून आलेल्या उसाच्या पाचटावर ढकलला.

"उसाच्या गावात असली नाजूक नवरी आणलीस, मग काय हुईल!" तात्या हसले.

यंदा दसऱ्याला हार हातात धरून तात्या गाडीसमोर थांबले.

"खरं सांग, माझ्या हारानंच तापली व्हती न्हवं?"

"न्हाय तात्या, पाचटच होतं," मी म्हणाले.

त्यांनी हार बांधला.

गाडी गोठ्याशेजारी उभी आहे. जाळीवर हार आहे, आणि आत पंख्याजवळ मागच्या दसऱ्याच्या दोन पाकळ्या.